डिजिटल व्हिडिओ गेम संग्रहाची नोंद

डिजिटल व्हिडिओ गेम संग्रहाची नोंद म्हणजे एखाद्या व्यक्तीने किंवा कुटुंबाने निरनिराळ्या डिजिटल दुकानांतून मिळवलेल्या व्हिडिओ गेमची एकत्रित सूची तयार करणे आणि ती वेळोवेळी पडताळून अद्ययावत ठेवणे होय. अशा सूचीत गेमच्या नावाबरोबरच तो कोणत्या दुकानातून, कोणत्या खात्यावर, केव्हा आणि कोणत्या अटींवर मिळाला, हेही नमूद केलेले असते. ग्रंथालयशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर दाखल नोंदवही आणि संघसूची या दोहोंचे काम ती एकत्र करते.

डिजिटल दुकानात पैसे भरल्यावर ग्राहकाला बहुधा गेमची मालकी मिळत नाही. तो वापरण्याचा परवाना मिळतो. हा परवाना त्या दुकानातील खात्याशी बांधलेला असतो आणि प्रत्येक दुकान केवळ आपल्यापुरती यादी ठेवते. त्यामुळे संपूर्ण संग्रहाचे चित्र संग्राहकाच्या स्वतःच्या नोंदीखेरीज अन्यत्र कोठेही उपलब्ध नसते.

## पार्श्वभूमी

### कॅसेट आणि सीडीचा काळ

भारतात १९९० च्या दशकात व्हिडिओ गेमचा घरोघरी प्रसार झाला तो मुख्यतः निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकलांमुळे. फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली बाजारात आले होते. त्याच्या गेम साठवलेल्या वड्यांना मुंबईत आणि अन्यत्रही सर्रास 'कॅसेट' म्हटले जाई. काही कॅसेटींच्या वेष्टनावर शेकडो, क्वचित हजारो गेम असल्याचा दावा असे. प्रत्यक्षात मोजकेच गेम निरनिराळ्या नावांनी अथवा निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू करून पुन्हा पुन्हा मोजलेले असत. यादीतील आकडा आणि हाती असलेली वस्तू यांतील ही तफावत आजच्या डिजिटल संग्रहातही वेगळ्या रूपाने आढळते.

दक्षिण मुंबईत गिरगावलगत, ग्रँट रोड स्थानकाजवळ असलेला लॅमिंग्टन रोड हा इलेक्ट्रॉनिक वस्तू व संगणकाचे सुटे भाग यांचा मोठा बाजार आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्याचे आजचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. संगणकावरील आणि यंत्रांवरील गेमच्या अधिकृत व नकली अशा दोन्ही प्रकारच्या सीडी आणि डीव्हीडी अशा बाजारांत मिळत. या काळात संग्रहाची वेगळी नोंद ठेवण्याची गरज फारशी भासत नसे. कपाटातील खण हीच नोंद होती. वस्तू उसनी देता येई, अदलाबदल करता येई आणि जुनी झाल्यावर विकताही येई. गहाळ झाली तर खणातील रिकामी जागा लगेच दिसत असे. चाळीतील एका खोलीच्या घरात मात्र असा खण ठेवणे हीदेखील चैनच होती. डिजिटल खरेदी रूढ होण्यास जागेची बचत हे एक स्वाभाविक कारण ठरले.

### डिजिटल दुकानांचा उदय

अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी स्टीम ही सेवा सुरू केली. आरंभी तिचा मुख्य हेतू कंपनीच्या स्वतःच्या गेममध्ये सुधारणा पोहोचवणे हा होता. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या 'हाफ-लाइफ २' या गेमसाठी स्टीमचे खाते सक्तीचे करण्यात आले. दुकानातून डबा विकत आणणाऱ्यालाही खाते उघडावे लागे. वस्तू हाती असूनही तिचा वापर खात्यावर अवलंबून राहण्याच्या पद्धतीचे हे महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

पुढे इतर कंपन्यांनीही आपापली दुकाने उघडली. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट कंपनीने २००८ मध्ये जुन्या गेमच्या विक्रीसाठी गॉग हे दुकान सुरू केले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे ओरिजिन २०११ मध्ये, तर एपिक गेम्स स्टोअर डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाले. युबिसॉफ्ट, मायक्रोसॉफ्ट, सोनी आणि निन्टेन्डो यांचीही स्वतंत्र दुकाने आहेत. भारतीय ग्राहकांना स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या त्या नोव्हेंबर २०१५ पासून. त्यापूर्वी व्यवहार डॉलरमध्ये होत असे.

## संग्रह विखुरण्याची कारणे

एकाच व्यक्तीचा संग्रह अनेक दुकानांत विभागला जाण्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

* एकाधिकार : काही गेम ठरावीक दुकानातच किंवा ठरावीक यंत्रावरच मिळतात.
* सवलती : सणासुदीच्या आणि हंगामी विक्रीत प्रत्येक दुकानाचे दर वेगळे असतात. ग्राहक स्वस्त मिळेल तेथून घेतो.
* विनामूल्य वाटप : एपिक गेम्स स्टोअर ठरावीक मुदतीत खात्यात जमा करून घेता येतील असे गेम नियमितपणे विनामूल्य देते. मे २०२० मध्ये या दुकानाने 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' विनामूल्य दिला, तेव्हा तो आधीच अन्यत्र विकत घेतलेल्या अनेकांकडे त्याची दुसरी प्रत जमा झाली.
* संच आणि सांकेतिक क्रमांक : अनेक गेमचे संच एकत्र विकले जातात. ते वापरण्यासाठी मिळणारे सांकेतिक क्रमांक निराळ्या दुकानात भरावे लागतात. न भरलेले क्रमांक ई-मेलमध्ये पडून राहतात आणि विस्मृतीत जातात.
* खात्यात खाते : काही प्रकाशकांचे गेम स्टीमवर घेतले तरी ते चालवण्यासाठी प्रकाशकाचे वेगळे खाते लागते. अशा गेमचा हक्क दोन खात्यांवर अवलंबून असतो.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम या संदर्भात उद्बोधक आहे. तो ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रासाठी आणि ऑक्टोबर २०२० मध्ये विंडोज, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यांसाठी प्रकाशित झाला. कलाकृती एकच असली तरी संग्राहकाच्या दृष्टीने या स्वतंत्र प्रती ठरतात. स्विचसाठी घेतलेली प्रत संगणकावर चालत नाही. सूचीत केवळ 'राजी' एवढेच लिहिले तर ती नोंद अपुरी राहते.

## मालकी आणि परवाना

डिजिटल दुकानांच्या सेवाशर्तींनुसार ग्राहकाला गेम वापरण्याचा मर्यादित परवाना दिला जातो. स्टीमच्या करारानुसार खाते दुसऱ्या व्यक्तीकडे हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे वडिलांच्या पुस्तकांचे कपाट मुलांकडे येते, तसा डिजिटल संग्रह वारसाहक्काने आपोआप येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये यासंबंधी कायदा केला. बंद करता येण्याजोगा परवाना विकताना 'खरेदी' यासारखे शब्द वापरायचे असतील, तर मिळणारी गोष्ट परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे त्याने बंधनकारक केले. हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. तत्पूर्वीच स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना दाखवण्यास सुरुवात केली होती.

गॉग या दुकानाची पद्धत वेगळी आहे. तेथील गेमना डीआरएम या नावाने ओळखले जाणारे नक्कलरोधक कुलूप नसते. गेम स्थापित करण्याची फाइल उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते आणि पुढे इंटरनेटशिवाय वापरता येते. कायदेशीर भाषेत हाही परवानाच असला तरी व्यवहारात अशी प्रत दुकान बंद पडल्यावरही चालू राहू शकते. म्हणून संग्रहाच्या नोंदीत 'कुलूपबंद' आणि 'कुलूपविरहित' असा भेद करणे उपयुक्त ठरते.

## नोंदवहीचे स्वरूप

सार्वजनिक ग्रंथालयात प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक असतो. एकाच ग्रंथाच्या तीन प्रती असतील तर तीन क्रमांक पडतात. तेच तत्त्व येथे लागू पडते : नोंद गेमची नव्हे, तर प्रतीची करावी. साध्या स्प्रेडशीटमध्ये अथवा वहीत पुढील रकाने पुरेसे होतात.

1. दाखल क्रमांक
2. गेमचे पूर्ण नाव आणि आवृत्ती
3. यंत्र किंवा प्रणाली
4. दुकान आणि खात्याचे नाव
5. मिळाल्याचा दिनांक व प्रकार (खरेदी, भेट, विनामूल्य, संच)
6. किंमत आणि पावतीचे ठिकाण
7. प्रकाशकाचे वेगळे खाते लागते काय
8. इंटरनेटशिवाय चालतो काय
9. स्थापनेची फाइल आणि खेळातील प्रगतीची फाइल कोठे ठेवली आहे
10. शेरा

मासिक वर्गणी भरून खेळायला मिळणारे गेम या यादीत मिसळू नयेत. वर्गणी थांबली की त्यांचा वापर थांबतो, आणि सेवा देणारी कंपनीही ते वेळोवेळी काढून घेत असते. ग्रंथालयातून वाचायला आणलेले पुस्तक आपण घरच्या संग्रहात मोजत नाही, तसाच हा भेद आहे. पासवर्ड मात्र या नोंदवहीत कधीही लिहू नयेत. त्यांसाठी वेगळी सुरक्षित व्यवस्था असावी.

### नावांचा प्रश्न

पुस्तकांसाठी आयएसबीएन हा आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे. व्हिडिओ गेमसाठी सर्व दुकानांनी मान्य केलेला असा समान क्रमांक नाही. प्रत्येक दुकान आपापले क्रमांक देते. उदाहरणार्थ, स्टीमवर 'काउंटर-स्ट्राइक'चा क्रमांक १०, तर 'हाफ-लाइफ २'चा २२० आहे. हे क्रमांक अन्य दुकानांत निरुपयोगी ठरतात. नावांतही फरक असतात. कोठे रोमन अंक, कोठे साधे अंक. कोठे व्यापारचिन्हाची खूण, कोठे 'डेफिनिटिव्ह' किंवा 'गेम ऑफ द इयर' अशी जोड. त्यामुळे संगणकाने केवळ नावे जुळवून काढलेली दुबार प्रतींची यादी डोळ्यांखालून घालणे आवश्यक असते.

विखुरलेल्या संग्रहाची एकत्रित सूची करणे हे मराठी वाचकांना अपरिचित काम नाही. शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेल्या 'मराठी ग्रंथसूची'च्या पहिल्या भागात इ.स. १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची नोंद आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही १८९८ साली स्थापन झालेली संस्था दादरच्या मुख्य ग्रंथालयाबरोबरच मुंबईत शाखाही चालवते. एखादा ग्रंथ संस्थेकडे आहे काय, आणि असल्यास कोणत्या शाखेत, हे दोन वेगळे प्रश्न असतात. व्हिडिओ गेमच्या संग्राहकापुढेही नेमके हेच दोन प्रश्न असतात. फक्त शाखांऐवजी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या असतात आणि आपली यादी दुसऱ्याच्या यादीत मिसळावी यात त्यांना स्वारस्य नसते.

## साधने

नोंद ठेवण्यासाठी वापरली जाणारी साधने स्थूलमानाने तीन प्रकारची आहेत.

* हस्तलिखित वही किंवा स्प्रेडशीट : यात नोंद स्वतः करावी लागते, परंतु ती कोणत्याही कंपनीवर अवलंबून नसते.
* एकत्रीकरण करणारे प्रोग्रॅम : विंडोजवर चालणारे प्लेनाइट हे विनामूल्य व मुक्तस्रोत साधन निरनिराळ्या दुकानांतील याद्या एका ठिकाणी आणते. गॉग गॅलेक्सी या प्रोग्रॅमच्या दुसऱ्या आवृत्तीतही अशी सोय आहे. लिनक्सवर लुट्रिस आणि हिरोइक गेम्स लाँचर प्रचलित आहेत.
* संकेतस्थळे : येथे वापरकर्ता आपली यादी, खेळून झालेले व राहिलेले गेम आणि अभिप्राय नोंदवतो.

एकत्रीकरण करणारी साधने सोयीची असली तरी ती दुकानांच्या मर्जीवर चालतात. यादी वाचण्याची पद्धत दुकानाने बदलली की जोडणी तुटते आणि ती स्वयंसेवकांनी दुरुस्त करेपर्यंत यादी अपुरी राहते. स्टीमने एप्रिल २०१८ मध्ये वापरकर्त्यांकडील गेमची माहिती इतरांना न दिसणे हीच मूळ स्थिती ठरवली. त्यानंतर खासगी प्रोफाइलची यादी बाहेरील संकेतस्थळांना वाचता येईना. म्हणून अशा साधनातील यादी अधूनमधून साध्या फाइलच्या रूपात काढून ठेवणे श्रेयस्कर मानले जाते. अपरिचित साधनाला खात्याचे नाव व पासवर्ड देणे धोक्याचे असते.

## पडताळणी

ग्रंथालयांत ठरावीक काळाने ग्रंथपडताळणी होते. डिजिटल संग्रहाचीही वर्षातून एकदा पडताळणी करावी. तिचे सर्वसाधारण टप्पे असे :

1. प्रत्येक दुकानाच्या खात्यात प्रवेश होतो आहे याची खात्री करणे. खाते पुनर्प्राप्त करण्यासाठी दिलेला ई-मेल आणि मोबाइल क्रमांक चालू आहे काय, हे पाहणे. बंद झालेल्या सिमकार्डावर येणारा सुरक्षा-संकेत हे खाते गमावण्याचे एक सामान्य कारण असते.
2. दुकानातील परवान्यांची किंवा व्यवहारांची यादी उघडून ती स्वतःच्या नोंदवहीशी ताडून पाहणे. स्टीमच्या खाते-तपशिलात सर्व परवाने दिनांकासह दिसतात.
3. न वापरलेले सांकेतिक क्रमांक शोधून योग्य खात्यात भरणे.
4. कुलूपविरहित गेमच्या स्थापनेच्या फाइल उतरवून त्यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे.
5. विक्रीतून काढलेल्या गेमपुढे तसा शेरा लिहिणे.

## विक्री थांबणे आणि दुकाने बंद होणे

गेम दुकानातून नाहीसा होण्याचे प्रकार निरनिराळे आहेत आणि त्यांचा संग्राहकावर होणारा परिणामही वेगवेगळा असतो.

विक्री थांबणे : भारतातही लोकप्रिय असलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी' (२००२) आणि त्याच मालिकेतील आणखी दोन गेमच्या मूळ आवृत्त्या ऑक्टोबर २०२१ मध्ये नव्या रूपातील संचापूर्वी डिजिटल दुकानांतून काढण्यात आल्या. ज्यांनी त्या आधी घेतल्या होत्या त्यांच्या खात्यात त्या राहिल्या; नव्याने मात्र घेता येईनात.

मजकूर बदलणे : 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' या २००८ मधील गेममधील काही गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपल्याने २०१८ मध्ये ती गाणी गेममधून वगळण्यात आली. हा बदल आधी विकत घेतलेल्या प्रतींनाही लागू झाला. छापील पुस्तकाच्या बाबतीत असे घडत नाही.

दुकान बंद होणे : निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांवरील दुकानातील खरेदी २७ मार्च २०२३ रोजी थांबवली. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद केले. दोन्ही ठिकाणी पूर्वी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची मुभा ठेवण्यात आली. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि व्हिटा यांची दुकाने बंद करण्याचे जाहीर केले होते, परंतु ग्राहकांच्या नाराजीनंतर तो निर्णय मागे घेतला.

सेवा संपणे : युबिसॉफ्टने २०१४ मधील 'द क्रू' या मोटार शर्यतीच्या गेमची सेवा ३१ मार्च २०२४ रोजी बंद केली. हा गेम सतत इंटरनेटशी जोडलेला असणे आवश्यक असल्याने तो एकट्याने खेळणेही अशक्य झाले. या घटनेनंतर रॉस स्कॉट यांच्या पुढाकाराने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही ग्राहक-मोहीम सुरू झाली.

## भारतीय कायदा

कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये संगणक प्रोग्रॅमचा समावेश साहित्यकृतीच्या व्याख्येत होतो. या अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्या व्यक्तीला ती हरवणे, नष्ट होणे किंवा खराब होणे यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. मात्र तिचा उपयोग मूळ हेतूपुरताच असला पाहिजे. त्याच वेळी २०१२ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेले कलम ६५-अ हे हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ई-व्यापाराच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचाही उल्लेख आहे. तक्रार करताना पावती, दिनांक आणि रक्कम यांचा पुरावा लागतो. नियमित नोंदवहीचा येथे प्रत्यक्ष उपयोग होतो.

## सार्वजनिक जतन

भारतात १९५४ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्रकाशकाने आपल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवणे बंधनकारक आहे. अशा चार ग्रंथालयांपैकी एक दक्षिण मुंबईतील टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय आहे. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय ही उर्वरित तीन होत. हा कायदा पुस्तके व वृत्तपत्रे यांच्यापुरता आहे. व्हिडिओ गेम त्याच्या कक्षेत येत नाहीत.

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात उपलब्ध नव्हते. सार्वजनिक ठेवीची व्यवस्था नसताना खासगी संग्राहकांच्या सूची आणि त्यांनी जपलेल्या प्रती यांना त्यामुळे संशोधनसाधन म्हणून महत्त्व येते. एखादा गेम कोणत्या वर्षी, कोणत्या दुकानात, किती रुपयांना आणि कोणत्या आवृत्तीत मिळत होता, हे पुढील काळातील अभ्यासकाला अशा नोंदींवरूनच कळू शकते.

## मर्यादा

सूची म्हणजे संग्रह नव्हे. नोंद असली तरी बंद झालेला परवाना तिच्यामुळे परत मिळत नाही, आणि सतत इंटरनेटवर अवलंबून असलेला गेम कोणत्याही राखीव प्रतीने वाचत नाही. नोंद ठेवल्याने आपल्याकडील कोणता गेम टिकाऊ आहे आणि कोणता दुसऱ्याच्या इच्छेवर उभा आहे, एवढे मात्र स्पष्ट होते. पुढील खरेदी कोठून करावी, कशाची प्रत जपून ठेवावी आणि कशावर पैसे खर्च करू नयेत, हे त्यावरून ठरवता येते.

## हे सुद्धा पहा

* व्हिडिओ गेम
* स्टीम
* डिजिटल जतन
* कॉपीराइट
* ग्रंथसूची
* मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय